जिब्राल्टरचं कुंपण निघणार म्हणे. पण जमीन कोणाची?

मोडकं_होकायंत्र | १६ जून २०२५, रात्री ९.४०

गेल्या बुधवारी, ११ जूनला, ब्रसेल्समध्ये ब्रिटन, स्पेन आणि युरोपियन युनियन यांची जिब्राल्टरवर राजकीय सहमती झाली. दुसऱ्याच दिवशी अहमदाबादला विमान कोसळलं, तेव्हा असल्या बातम्या वाचायच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं. म्हणून धागा उशिरा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जिब्राल्टर म्हणजे स्पेनच्या दक्षिण टोकाला चिकटलेला सुमारे ६.८ चौरस किलोमीटरचा खडक. वस्ती चौतीस हजारांच्या आसपास. १७०४ मध्ये इंग्रज-डच आरमाराने घेतला, १७१३ च्या उट्रेख्टच्या तहात स्पेनने लिहून दिला, आणि तेव्हापासून स्पेन तो परत मागतोय. आता ठरलंय असं की जमिनीवरचं कुंपण आणि तिथली तपासणी काढून टाकायची. पासपोर्ट बघायचे ते जिब्राल्टरच्या विमानतळावर आणि बंदरात. आधी जिब्राल्टरचा अधिकारी बघणार, मग शेंगेनच्या (आपसातल्या हद्दींवर पासपोर्ट न बघणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) वतीने स्पेनचा. लंडनला सेंट पँक्रास स्टेशनात पॅरिसची गाडी पकडताना फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात, त्यातलाच प्रकार. सार्वभौमत्वाबद्दल मात्र दोघांचंही म्हणणं जिथल्या तिथे.

माझं मत: ही चलाखी आहे, तोडगा नाही. घर माझंच म्हणायचं आणि दाराची एक किल्ली शेजाऱ्याकडे द्यायची. बांधावरचं कुंपण काढलं की दोन पिढ्यांत बांध सरकतो, हे गावाकडे जमीन असणाऱ्यांना सांगायला नको. तुम्हाला काय वाटतं?

चहाबाज | १६ जून, रात्री ९.५२

पहिल्या रांगेत बसलोय. धाग्यात बेळगाव कितव्या प्रतिसादाला येतंय ते बघायचंय. माझा अंदाज सात. (हा उल्लेख धरायचा नाही.)

दर्यावर्दी_७१ | १६ जून, रात्री ११.१५

१९९६ सालची गोष्ट. तेव्हा मी जहाजावर फोर्थ इंजिनिअर. बंकर (म्हणजे जहाजाचं इंधन) घ्यायला जिब्राल्टरच्या अँकरेजला थांबलो होतो. बार्जला उशीर होणार म्हणून आम्हा दोघांना चार तास शोर पासवर सोडलं. मेन स्ट्रीटवर पाट्या बघाव्यात तर सिंधी आडनावं. एका कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलो. गल्ल्यावरच्या काकांनी आमची तोंडं बघून थेट हिंदीत विचारलं, मुंबईत कुठे? मी डोंबिवली म्हटलं. म्हणाले, आमचे लोक उल्हासनगरला. घ्या! सुएझ ओलांडून, अख्खा भूमध्य समुद्र पार करून मी विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर उभा.

चहा झाला. कुंपण बघायचंय म्हटलं तर काका म्हणाले, "सीधा जाओ. रास्ते में प्लेन आए तो रुक जाना." मला वाटलं फिरकी घेतायत. तर खरोखर रस्ता धावपट्टीला आडवा जातो! भोंगा वाजला, दांडा पडला. स्कूटरवाले इंजिन बंद करून उभे, एक बाई पावांची पिशवी घेऊन उभी, नाकासमोरून विमान गेलं, दांडा वर. मला दिवा स्टेशनचं रेल्वे फाटक आठवलं, फक्त गाडीला पंख होते. (गाड्यांसाठी २०२३ पासून बोगदा झालाय. चालणारे अजून धावपट्टीवरूनच जातात.)

पण सांगायचं होतं ते वेगळंच. परत आल्यावर काकांनी दुकानातल्या एका वयस्क बाईंकडे बोट दाखवलं. त्यांचं माहेर पलीकडे ला लिनिआत, म्हणजे कुंपणाला लागून असलेल्या स्पॅनिश गावात. जून १९६९ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने दार बंद केलं, पुढे फोनच्या तारासुद्धा तोडल्या, अल्जेसिरास या स्पॅनिश बंदराची फेरी बंद केली. रविवारी दोन्हीकडचे लोक कुंपणाशी जमून एकमेकांना हाका मारायचे. ह्या बाईंनी आपली मुलगी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून आईला दाखवली होती. वारा उलटा असला की बोललेलं काही कळायचं नाही, नुसते हात दिसायचे. प्रत्यक्ष भेटायचं तर बोटीने मोरोक्कोतलं टँजिअर, तिथून दुसऱ्या बोटीने अल्जेसिरास, मग रस्त्याने ला लिनिआ. पलीकडच्या गल्लीत जायला आफ्रिकेचा वळसा.

पायी जाणाऱ्यांसाठी दार उघडलं डिसेंबर १९८२ मध्ये, पूर्ण उघडलं फेब्रुवारी १९८५ मध्ये. बाईंची आई ऐंशी सालीच गेली होती.

तेव्हा 'आधी जमीन कोणाची ते ठरवा, मग कुंपणाचं बघू' म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

अनुस्वार | १६ जून, रात्री ११.३१

दर्यावर्दी, _/\_ . स्वतंत्र लेख लिहा हो, प्रतिसादात कसलं वाया घालवताय.

कलमकसाई | १७ जून, सकाळी ८.०५

भावना पोचल्या. आता थोडं कागदावर येऊ.

उट्रेख्टच्या तहाचं दहावं कलम मुळातून वाचा, मजा आहे. स्पेनच्या राजाने दिलं काय? शहर, किल्ला, बंदर आणि तटबंदी. तेही 'प्रादेशिक अधिकाराशिवाय' आणि 'आसपासच्या मुलखाशी भूमार्गाने खुलं दळणवळण न ठेवता'. म्हणजे तहाचं अक्षर धरून बसायचं तर दार बंद करणारा फ्रँको बरोबर आणि आजचे दार उघडणारे स्पॅनिश मंत्री चूक. शिवाय ज्यू आणि मूर (उत्तर आफ्रिकेतले मुसलमान) यांना तिथे राहू देऊ नये, अशीही अट होती. ती इंग्रजांनी सोयीस्कर विसरली. आज तिथे सिनेगॉग आहेत, मशीद आहे, आणि दर्यावर्दींच्या सिंधी काकांचं मंदिरही आहे.

तिसरी अट सगळ्यात चिवट. ब्रिटनला कधी जिब्राल्टर द्यायचं, विकायचं किंवा सोडायचं झालं तर पहिला हक्क स्पेनचा. म्हणून 'स्वतंत्र देश होऊन मोकळे व्हा' हा सल्ला स्पेनच्या दृष्टीने बादच.

आणि होकायंत्रराव, तुम्ही सरसकट एकच वाद धरलात. वाद दोन आहेत. खडकाचा एक. दुसरा त्याला स्पेनशी जोडणाऱ्या सपाट पट्टीचा, जिच्यावर हा विमानतळ आहे. स्पेनचं म्हणणं, ही पट्टी आम्ही तहात दिलीच नव्हती, इंग्रज हळूहळू पुढे सरकले आणि १९०९ मध्ये कुंपण ठोकून मोकळे झाले. म्हणून स्पॅनिश सरकारी भाषेत तिथे 'सीमा' हा शब्द येत नाही. ते म्हणतात 'व्हेर्हा', म्हणजे नुसती जाळी. सीमा म्हटलं की पलीकडचं त्यांचं असं कबूल केल्यासारखं होतं ना.

मोडकं_होकायंत्र | १७ जून, सकाळी ८.४०

बघा, म्हणजे बांध सरकवायचा धंदा इंग्रजांनी आधीच केलाय. माझा मुद्दा आणखी पक्का झाला.

लेस्टरची_सून | १७ जून, दुपारी ३.२०

इथे ब्रिटनमध्ये दोन दिवस 'शरणागती, शरणागती' असा ओरडा चाललाय, म्हणून लिहिते. ओरडणाऱ्यांत बरेचसे तेच आहेत ज्यांनी ब्रेक्झिटला मत दिलं होतं. जिब्राल्टरने २०१६ मध्ये काय मत दिलं माहितीये? युरोपात राहायच्या बाजूने १९,३२२, बाहेर पडायच्या बाजूने ८२३. आणि २००२ मध्ये ब्लेअर सरकार स्पेनबरोबर मिळून सत्ता चालवायच्या गोष्टी करत होतं, तेव्हा तिथल्या सरकारने स्वतःच जनमत घेतलं: विरोधात १७,९००, बाजूने १८७. त्याआधी १९६७ मध्ये ब्रिटनबरोबर राहण्याच्या बाजूने १२,१३८ आणि स्पेनच्या बाजूने फक्त ४४. त्या चव्वेचाळिसांचं पुढे गल्लीत कसं निभलं असेल कोण जाणे.

एवढ्या एकगठ्ठा मतांपुढे ब्रिटिश सरकारचं धोरण म्हणजे १९६९ च्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेतलं एक वाक्यच आहे: तिथल्या लोकांच्या इच्छेविरुद्ध त्यांना दुसऱ्या देशाच्या सत्तेखाली जाऊ देणार नाही. पुढे त्यात भर पडली की लोकांना मान्य नसेल तर तशा वाटाघाटींनाही बसणार नाही. स्पेनचं उत्तर, लोकांची इच्छा हा प्रश्नच नाही, हा आमचा तुटलेला तुकडा आहे. दोन्ही बाजू तीनशे वर्षं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

रोज पंधरा हजार माणसं कामासाठी ये-जा करतात, जिब्राल्टरमध्ये काम करणाऱ्यांपैकी साधारण निम्मी. २०१३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही मालागाला सुट्टीवर होतो. त्या उन्हाळ्यात जिब्राल्टरने समुद्रात काँक्रीटचे ७० ठोकळे टाकले. ते म्हणत माशांसाठी कृत्रिम खडक, स्पॅनिश मच्छीमार म्हणत आमची जाळी अडवायला. लगेच सीमेवर गाडी न् गाडी तपासणं सुरू. त्या रांगेत आमची भाड्याची गाडीही होती. साडेतीन तास, मागच्या सीटवर चार वर्षांचं पोर, आणि डब्यात शेवटचं थालीपीठ. खडक समोर दिसतोय आणि हलत काही नाही. शेजारच्या गाडीत एक नर्सबाई होती, रात्रपाळीला निघालेली. ती म्हणाली, लंडन आणि माद्रिद भांडले की पहिल्यांदा माझी ड्यूटी चुकते.

भरताचं_वांगं | १७ जून, दुपारी ४.०२

स्पेनचा साळसूदपणा बघून हसू येतं. जिब्राल्टरच्या समोर, सामुद्रधुनीच्या पलीकडे, मोरोक्कोच्या किनाऱ्यावर सेउता आणि मेलिल्या ही दोन शहरं कोणाची? स्पेनची! मोरोक्को केव्हापासून मागतोय. तिथे उंच कुंपणं. आपलं ठेवावं झाकून...

कलमकसाई | १७ जून, दुपारी ४.३०

वांगेबुवा, मुद्दा चोख आहे पण स्पेनकडे उत्तर तयार असतं. मेलिल्या १४९७ पासून, सेउता १६६८ च्या तहाने, आजच्या मोरोक्को राज्याच्या आधीपासून आमची, ती वसाहत नाही, देशाचाच भाग. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतींच्या यादीत जिब्राल्टर आहे, ही दोन नाहीत. मला उत्तर पटतं का? नाही. पण नुसतं 'तुम्ही पण' म्हटल्याने जिब्राल्टरचा निकाल लागत नाही.

घटप्रभा | १७ जून, सायं. ६.१०

लोकांची इच्छा मोठी की नकाशा मोठा, हे कोणाला विचारताय? आम्हाला विचारा. बेळगाव, निपाणी, खानापूर... १९५६ पासून ठराव, मोर्चे, निवडणुका सगळं झालं. २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे.

चहाबाज | १७ जून, सायं. ६.११

नववा! दोनाने हुकलो.

संपादक मंडळ | १७ जून, सायं. ७.००

सीमाप्रश्नावर आधीचे अकरा धागे आहेत, कृपया तिथे जावे. इथे जिब्राल्टर.

तेरेखोलकाठ | १७ जून, रात्री १०.२५

जिब्राल्टरवरच लिहितो, पण वाट गोव्यातून जाते. चालवून घ्या.

आमचं घर सातार्ड्याला, तेरेखोल नदीच्या अलीकडे. आजीचं माहेर पलीकडे पेडण्यात. १९५५ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळीबार केला आणि त्यानंतर भारत सरकारने गोव्याची हद्द बंद केली. राजकारण म्हणून बरोबरच होतं, मी आजही तेच म्हणेन. पण आजीचे वडील ५७ साली गेले तेव्हा परवाना मिळेपर्यंत तेरावा उलटून गेला. ती म्हणायची, "बापाशीच्या घराचो धूर दिसता, पण जावक गावना नाय." दर्यावर्दींच्या त्या बाईंचं वाचलं आणि हे वाक्य आठवलं.

म्हणून नाकेबंदी कोण करतोय आणि कशासाठी, हे बघायला हवंच, पण कुंपणापाशी उभं राहणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.

भरताचं_वांगं | १७ जून, रात्री १०.५०

मग अडचणीचा प्रश्न विचारतो, मारू नका. जिब्राल्टरच्या लोकांना विचारलं पाहिजे म्हणताय. ६१ साली गोव्यातल्या लोकांना कुठे विचारलं होतं?

तेरेखोलकाठ | १७ जून, रात्री ११.३०

मारत नाही. विचारलं होतं, पण वेगळा प्रश्न आणि नंतर. १६ जानेवारी १९६७, ओपिनियन पोल. महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं. केंद्रशासित १,७२,१९१, विलीनीकरण १,३८,१७०. आमच्याकडे सातार्ड्याला कित्येकांना वाईट वाटलं, पलीकडे आजीच्या माहेरी फटाके वाजले. भारतात राहायचं का, हा प्रश्न त्यात नव्हता.

आणि योगायोग असा की जिब्राल्टरचं पहिलं जनमत त्याच वर्षी, सप्टेंबरात. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ते अमान्य ठरवलं. वसाहतवादी देशाने आपल्याच वसाहतीत घेतलेलं मत कसं धरायचं, हा आक्षेप. फरक मला एवढाच दिसतो की गोव्यात लोक पोर्तुगिजांविरुद्ध तुरुंगात जात होते. जिब्राल्टरमध्ये स्पेनच्या बाजूने तुरुंगात जायला कोणी तयार झालं नाही.

कलमकसाई | १७ जून, रात्री ११.४४

हा फरक मोठा आहे. 'एवढाच' म्हणू नका.

अनुस्वार | १८ जून, सकाळी ७.१५

इतकी गंभीर चर्चा आणि माकडांचा विषय कोणी काढलाच नाही! खडकावरची माकडं गेली की इंग्रजांचं राज्य जाईल अशी समजूत आहे. दुसऱ्या महायुद्धात संख्या फार घटली तेव्हा चर्चिलने आफ्रिकेतून नवी आणवली म्हणतात. शेंगेनमध्ये त्यांचे पासपोर्ट कोण बघणार?

दर्यावर्दी_७१ | १८ जून, सकाळी ९.३०

माझ्या सोबत्याच्या हातातला केक एकाने हिसकावला होता, तेव्हा त्यांना कुठलीच हद्द मान्य नाही हे मी प्रमाणपत्रासह सांगतो.

बाकी समुद्राचा वाद राहिलाच की. २०१९ च्या जुलैत ग्रेस १ हा इराणी तेल घेऊन चाललेला टँकर ब्रिटिश मरीन्सनी जिब्राल्टरजवळ पकडला. बहुतेक खलाशी आपलेच, कॅप्टनही भारतीय. दीडेक महिन्याने सोडलं. तेव्हा स्पेनने तक्रार केली ती टँकरबद्दल कमी आणि 'हे पाणी आमचं' याबद्दल जास्त. आमच्या ग्रुपवर त्या पोरांच्या घरच्यांची काळजी चालली होती आणि टीव्हीवर पाणी कोणाचं यावर पॅनल.

निवांत_निवृत्त | १८ जून, सकाळी ११.००

लोकेच्छेचा एवढा पुळका असलेल्या ब्रिटनने गेल्याच महिन्यात, २२ मेला, हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसला द्यायच्या करारावर सही केली. त्यातल्या दिएगो गार्सियाचा लष्करी तळ मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने स्वतःकडे. तिथल्या मूळ लोकांना साठ-सत्तरच्या दशकात बोटीत घालून हाकलून दिलं होतं. त्यांचं जनमत कोणी घेतलं? दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर, ज्यांच्यावर अर्जेंटिना हक्क सांगतो, २०१३ ला घेतलं: ब्रिटनबरोबर राहण्याच्या बाजूने १,५१३, विरुद्ध ३. म्हणजे मत गोऱ्या माणसाचं असलं तर मोजायचं.

लेस्टरची_सून | १८ जून, दुपारी १.१०

चागोसबद्दल शंभर टक्के सहमत, लाज वाटावी असा इतिहास आहे. पण त्याचा राग जिब्राल्टरवर काढू नका. तिथले लोक जिनोआ, माल्टा, पोर्तुगाल, मोरोक्कोचे ज्यू आणि आपले सिंधी अशा मिसळीतून झालेत. घरात स्पॅनिश-इंग्रजी एका वाक्यात कालवून बोलतात, त्या बोलीला यानितो म्हणतात. १९४० मध्ये त्यांनाही बोटीत घालून लंडन, मदेरा, जमैकाला पाठवलं होतं, आणि परत यायला काहींना युद्ध संपल्यावरही वर्षं लागली. उलट तिथूनच त्यांचं 'आम्ही कोण' हे घट्ट झालं असं म्हणतात.

मोडकं_होकायंत्र | १८ जून, रात्री ९.०५

धागा माझ्या हातातून केव्हाच सुटला, पण सुटला ते बरं झालं. एक मान्य करतो: मी नकाशा बघून लिहिलं, रांगेतल्या माणसाला धरलंच नव्हतं. पण शंका तशीच आहे. अजून कराराचा मसुदा लिहून व्हायचाय, झालीय ती सहमती. उद्या माद्रिदला वेगळं सरकार आलं आणि ती दुसरी किल्ली फिरवली तर? कुंपण परत घालायला एक आठवडा पुरतो. आणि बांधाची उपमा मी अजून मागे घेतलेली नाही.

तेरेखोलकाठ, आजी पलीकडे शेवटी केव्हा गेल्या?

तेरेखोलकाठ | १८ जून, रात्री १०.४०

१९ डिसेंबर ६१ ला गोवा मुक्त झाला. ती जानेवारीत गेली, होडीने. होडीवाल्याने पैसे घेतले नाहीत म्हणे. ओसरीवर बसून आधी पोटभर रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी माडाची बाग बघायला गेली तर बाग भावाच्या नावावर झालेली. पोर्तुगीज कायद्यात मुलीचा वाटा असतो, पण वाटणीच्या वेळी हिला हजर राहता आलं नव्हतं.

तेव्हा होकायंत्रराव, आमच्याकडे बांध सरकला तो कुंपण होतं तेव्हाच.

चहाबाज | १८ जून, रात्री १०.४४

आणि बागेचं पुढे काय झालं?

तेरेखोलकाठ | १८ जून, रात्री १०.५१

कोर्टात आहे. सप्टेंबरची तारीख मिळालीये.